अण्णांचा बार्थेल ८५ आला म्हणजे नक्की काय? घरी तर सगळं आईच करते

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमच्या अण्णांना (वय ६७) जूनमधे ब्रेन स्ट्रोक झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, त्यामुळे डावा हात डावा पाय गेला. आता ऑक्टोबर. पाय बऱ्यापैकी आलाय, काठी घेऊन चालतात, हात अजून नुसता लोंबतो, बोटं थोडी मिटतात पण उघडत नाहीत. बोलणं पहिल्यापासून ठणठणीत. गावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, सध्या भाऊ बघतो, मी पुण्यात असते आणि जमेल तशी जाऊन येऊन.

फाईलमधे तीन आकडे आहेत. ॲडमिट केलं तेव्हा एनआयएचएसएस ११. डिस्चार्जला बार्थेल ३५ आणि एमआरएस ४. परवाच्या फॉलोअपला बार्थेल ८५, एमआरएस ३. डॉक्टर म्हणाले छान प्रोग्रेस आहे, आता जवळजवळ इंडिपेंडंट झालेत. भाऊ खूश. आई गप्प. घरी आल्यावर म्हणाली, ते इंडिपेंडंट झाले तर मी दिवसभर करते काय मग?

आणि तिचं खरंय हो, आंघोळ ती घालते, संडासला ती दाराशी उभी, शर्टाची डावी बाही ती चढवते. मग ८५ आले कुठून? एक आकडा वर गेला तर चांगलं आणि दुसरा खाली आला तर चांगलं हे पण मला आत्ताच कळलं. आम्ही नेमकं कशावर लक्ष ठेवायचं, घरी काय तपासता येतं, आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट आत्ता काढायचं की थांबायचं, यावर कुणी सांगेल का.

सांधेजोड (फिजिओ)

ताई आधी आकड्यांचा गोंधळ काढू, मग बाकीचं. एनआयएचएसएस हा पहिल्या तासा-दिवसांचा आकडा, ० ते ४२, जितका जास्त तितका झटका मोठा. तो न्यूरोवाल्यांच्या कामाचा, अण्णा आज काय करू शकतात याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, आणि त्यात बोलण्या-समजण्याला बरेच मार्क असल्यामुळे उजव्या मेंदूचे पेशंट त्यात जरा हलके दिसतात. आता ते विसरा.

एमआरएस म्हणजे मॉडिफाईड रँकिन, ० म्हणजे काहीच त्रास नाही, ५ म्हणजे पूर्ण अंथरुणाला, ६ म्हणजे मृत्यू. ३ म्हणजे मदत लागते पण दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय चालतो, काठी चालते. ४ म्हणजे माणसाशिवाय चालता येत नाही. खूप ढोबळ माप आहे, एका पायरीत अख्खं आयुष्य बसवलेलं, पण स्ट्रोकच्या औषधांचे बहुतेक ट्रायल यावरच चालतात म्हणून प्रत्येक फाईलमधे असतं.

तुमचा खरा प्रश्न बार्थेलचा. महोनी आणि बार्थेल यांनी १९६५ मधे काढलेला, १० गोष्टी, एकूण १००. जेवण, आंघोळ, दाढी-दात-केस, कपडे, शीवर ताबा, शूवर ताबा, संडास वापरणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिने. आंघोळीला ५ किंवा ०, मधलं काही नाही. चालणं आणि खुर्चीत जाणं १५-१५. आता यातला महत्त्वाचा नियम, जो ओपीडीच्या गर्दीत पहिला उडतो, तो असा की माणूस काय करू शकेल ते लिहायचं नाही, काल-परवा काय केलं ते लिहायचं. आणि कुणी नुसतं शेजारी उभं राहावं लागलं, हात सुद्धा लावला नाही, तरी ते स्वतंत्र धरत नाहीत. काठी, वॉकर, कमोड खुर्ची घेऊन स्वतः केलं तर ते मात्र स्वतंत्र.

म्हणून मला एकच विचारायचंय, परवा ओपीडीत उत्तरं कुणी दिली?

भाऊसाहेब_नगर

सगळे आकडे कागदाचे. आमच्या वडलांना १०० पैकी १०० लिहून दिले होते, पण ते बँकेत एकटे जाऊ शकत नव्हते, गोळ्या कुठल्या सकाळच्या कुठल्या रात्रीच्या कळत नव्हतं, फोन आला की घाबरायचे. १०० मार्क घेऊन घरात बसून होते. मी तर फिजिओवाल्याला सांगितलं बाबा तुझा पेपर तुझ्याकडे ठेव.

सांधेजोड

भाऊसाहेब तुमचा अनुभव बरोबर पण दोष मापाचा नाही. बार्थेलवाल्यांनी १९६५ च्या त्याच लेखात लिहून ठेवलंय की १०० आले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही, त्याला स्वयंपाक, घर चालवणं, लोकांत वावरणं जमेलच असं नाही, एवढंच की सतत हाताशी माणूस लागणार नाही. ते शरीराच्या रोजच्या गरजांचं माप आहे, बँक आणि गोळ्या त्यात नाहीतच. त्यासाठी लॉटनचं वेगळं आहे, ८ गोष्टी, फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. ते कुणी भरत नाही कारण दवाखान्यात त्याची गरज पडत नाही, गरज पडते घरी गेल्यावर.

कृष्णाकाठ

@सांधेजोड उत्तरं अण्णांनीच दिली. आई औषधांच्या रांगेत होती, भाऊ गाडी लावायला गेला होता. डॉक्टरांनी विचारलं आंघोळ स्वतः करता का, अण्णा म्हणाले हो करतो की. संडासला? जातो की. पडला वगैरे नाहीत ना? छे छे. भाऊ आत आला तोवर संपलं होतं. आता खोटं बोलतात असं पण नाही म्हणता येत, त्यांना खरंच वाटतं की ते करतात.

ओटी_डोंबिवली (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

ताई तुमचं हे शेवटचं वाक्य वाचून थांबले. "त्यांना खरंच वाटतं की ते करतात." उजव्या मेंदूच्या झटक्यात हे खूप दिसतं, आपलं काय गेलंय याची जाणीवच मेंदूला नीट पोचत नाही. आणि बोलणं छान असल्यामुळे सगळे फसतात, डॉक्टर, पाहुणे, घरचे. डाव्या मेंदूच्या पेशंटचं उलट होतं, बिचाऱ्यांना सगळं कळत असतं पण शब्द फुटत नाही म्हणून लोक त्यांना खुळ्यात काढतात.

मी एक विचारते, कशासाठी ते नंतर सांगते. अण्णा जेवताना ताटात काय उरतं? आपल्याकडे वाढायची पद्धत ठरलेली आहे, भाजी आमटी उजवीकडे, मीठ लिंबू चटणी कोशिंबीर लोणचं डावीकडे. डावीकडचं तसंच राहतंय का बघा. दाढी करताना डावा गाल सुटतो का, चालताना डावा खांदा चौकटीला लागतो का, डावीकडून कुणी हाक मारली की मान उजवीकडेच फिरते का. एका कोऱ्या कागदावर आडवी लांब रेघ काढा, कागद बरोबर समोर ठेवा आणि म्हणा मधोमध खूण करा. खूण उजवीकडे सरकली तर डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतंय, ज्याला आम्ही निग्लेक्ट म्हणतो. डोळ्याची डावी बाजू दिसत नसेल तरी यातलं काही काही होतं, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडून दृष्टीचा आवाका पण तपासून घ्या. हे असेल तर बार्थेल ८५ असो नाहीतर ९५, रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही आणि गाडीला तर हातच लावायचा नाही.

दुसरी गोष्ट संडासची. बार्थेलमधला "टॉयलेट" बाहेरच्या देशातल्या कमोडवर बसून बनवलाय. आपल्याकडे उकिडवं बसायचं, तांब्या, आणि धुवायचं डाव्या हाताने. अण्णांचा गेलाय तोच हात. मग राहिला उजवा, ज्याने जेवायचं. या वयाच्या माणसाला हे किती जड जातं ते ओपीडीत कुणी सांगत नाही, नवऱ्याने बायकोलाही सांगितलेलं नसतं. मी असे पेशंट बघितलेत जे याच कारणाने कमी खातात आणि घरचे म्हणतात भूक मेली. उजव्या हाताला लागेल असा जेट स्प्रे, कमोड नाहीतर कमोडची खुर्ची, उजव्या भिंतीला दांडी. याने बरंचसं काम होतं आणि हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आंघोळीला मोरीतला पाट काढून पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि हातातला शॉवर. बादली-तांब्यावर एका हाताने पाणी घेता येतं, साबण मात्र लागत नाही, म्हणून आई घालते.

अजून एक, शरीर किती सावरलं, माणूस काय कामं करतो, आणि तो लोकांत मिसळतो की नाही या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौथी म्हणजे घर, उंबरा, माणसं, पैसा, जी या तिन्हीला वर ओढते नाहीतर खाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मधे अपंगत्व मोजायची जी चौकट आणली, आयसीएफ म्हणतात तिला, ती याच्यावरच उभी आहे. त्यात एक फार शहाणपणाची फोड केलीय, सोयीच्या जागी, तपासणीत माणसाला काय जमतं ते एक, आणि स्वतःच्या घरात तो रोज काय करतो ते दुसरं. दोन्हीत फरक पडला की समजायचं घरात काहीतरी आड येतंय. किंवा माया आड येतेय, ते पण असतं, दोन मिनिटं जास्त लागतात म्हणून आपणच बटणं लावून टाकतो.

सरकारी_कागद

सर्टिफिकेटचं सांगतो. पक्षाघात लोकोमोटर म्हणजे चलनवलनाच्या अपंगत्वात धरतात. स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीसाठी (अपंगांचं ओळखपत्र) अर्ज, मग सिव्हिल हॉस्पिटलला डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी. न्यूरोच्या केसमधे झटक्यानंतर साधारण सहा महिने जाऊ देतात कारण तोवर सुधारणा चालू असते, म्हणजे तुमचं डिसेंबर. सुधारण्यासारखी केस असेल तर मुदतीचं देतात, मुदत संपली की परत तपासणी, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के हा उंबरठा, बहुतेक सवलती तिथून पुढे. इन्कम टॅक्समधे जुनी पद्धत घेतली असेल तर ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००.

आणि एक गैरसमज, बार्थेल ८५ म्हणजे १५ टक्के अपंगत्व असं गणित करून लोक येतात. काही संबंध नाही. बोर्ड केंद्र सरकारच्या ठरवलेल्या नियमाने टक्के काढतं. फाईलमधला ८५ बघून अर्ज करायचा राहू नका. एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, फिजिओचे कागद सगळं घेऊन जा, आणि पेशंटबरोबर रोज करणारं माणूस आत गेलं पाहिजे.

माहेरवाशीण_लातूर

मी फिजिओ वगैरे नाही, सासूबाईंचं केलंय एवढंच. एक राहिलं म्हणून लिहिते. अण्णा उदास आहेत का ते कुणी विचारलं का? आमच्याकडे सगळे हातापायाचे मार्क बघत बसले आणि त्या व्यायामच करेनात, आळशी झाल्या म्हणून मी पण ओरडायचे. नंतर डॉक्टरांनी मनाची प्रश्नावली भरून घेतली, गोळी सुरू केली, हळूहळू उठायला लागल्या.

सांधेजोड

बरोबर मुद्दा. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं आणि त्याचा थेट परिणाम फिजिओवर होतो. विचारायलाच पाहिजे. एकदम रडू फुटणं आणि लगेच थांबणं हे वेगळं, तो मेंदूचाच प्रकार असतो, ते पण डॉक्टरांना सांगा.

ताई घरी करण्यासारखी एक सोपी टेस्ट देतो. अंगणात १० मीटर मोजून दोन रेघा मारा, अलीकडे पलीकडे दोन-दोन मीटर मोकळे ठेवा म्हणजे सुरू व्हायचा आणि थांबायचा वेळ धरला जात नाही. नेहमीच्या चालीने चालू द्या, पळवू नका. एकाने डाव्या बाजूने चालायचं, डावा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो, गरज पडली तर कमरेला आधार. रेघेपासून रेघेपर्यंत २५ सेकंदापेक्षा जास्त लागले म्हणजे सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली, ती घरातल्या घरातली चाल. १२-१३ सेकंदात आले म्हणजे ०.८ च्या आसपास, मग बाजारहाट, रस्ता जमतो. मधलं म्हणजे घराबाहेर पण बेताने. महिन्यातून एकदा करा, तीच जागा तीच चप्पल. बार्थेलमधे चालणं एकदा १५ झालं की पुढची सुधारणा दिसतच नाही, यात दिसते.

आणि आईबरोबर बसून बार्थेल परत भरा. अण्णांना न विचारता नाही, दोघांना विचारा, पण आईचं उत्तर लिहा.

कृष्णाकाठ

शनिवार-रविवार गावी जाऊन आले. सगळं केलं. आईबरोबर भरलं तर आंघोळ ० (८५ मधे ५ होते), संडास १० चे ५, खुर्चीत जाणं १५ चे १० कारण आई "थांबा, पाय आधी टेका" म्हणल्याशिवाय नीट उठत नाहीत, चालणं १५ चे १० कारण एकटं कधी सोडलेलंच नाही. बाकी तेच. एकूण ६५. जिने आधीच ० होते. आई म्हणाली हा आकडा बरोबर वाटतो.

१० मीटरला २१ सेकंद. म्हणजे ०.४८ ना?

ताटाचं विचारलंत आणि आई बघतच राहिली. कोशिंबीर आणि चटणी रोज तशीच उरायची, ती समजत होती की आजारपणात तोंडाची चव गेली म्हणून तिने कोशिंबीर करायचीच बंद केली होती. ताट फिरवून ठेवलं तर आता भाजी राहिली आणि कोशिंबीर संपली. रेघेवरची खूण चांगली दोन बोटं उजवीकडे. संडासबद्दल भावाने विचारलं, मी बाहेर गेले होते. तुम्ही लिहिलंत अगदी तेच. प्लंबरला सांगितलंय.

मग मी अण्णांना विचारलं तुम्हाला स्वतःला काय करायचंय. मला वाटलं हात बरा व्हावा म्हणतील. तर म्हणाले संध्याकाळी दोन तास गल्ल्यावर बसायचंय आणि उधारीची वही मी लिहिणार, तुझा भाऊ लोकांना नको तेवढी उधारी देतो. भाऊ म्हणतो आत्ता रब्बीची गर्दी आहे, नको. काय करू?

सांधेजोड

०.४८ बरोबर. दुकानापर्यंत सोबत घेऊन जाऊ शकतात. आणि ६५ बघून हिरमुसू नका, डिस्चार्जला ३५ होते, ही खरी सुधारणा आहे. एकट्याने अजून सोडलेलं नाही म्हणजे एमआरएस ३ की ४ यावर पण डॉक्टरांशी बोला. फॉलोअपला हा कागद आईच्या हातात द्या.

भाऊसाहेब_नगर

हे ताटाचं मला माहीतच नव्हतं. आमच्या वडलांची पण डावीच बाजू होती.

ओटी_डोंबिवली

ताई गल्ला हे फार चांगलं ध्येय आहे, त्यांनी स्वतः सांगितलंय म्हणून त्यासाठी ते व्यायाम करतील, नुसतं बॉल दाबा म्हणून करणार नाहीत. फिजिओला हेच सांगा की दुकानाची पायरी चढायचीय, त्या पायरीची उंची मोजून न्या. मुंबईला येणं जमत असेल तर हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, तिथे फिजिओ, ओटी, स्पीच सगळं एका छताखाली बघतात, नाहीतर जवळच्या मेडिकल कॉलेजात ओटी विभाग आहे का विचारा.

वहीचं मात्र जपून. डावीकडे दुर्लक्ष असलेला माणूस आकड्याचा डावा भाग गाळतो. १२,५०० चे २,५०० वाचतो, कधी ५००. आणि आपलं लिखाण डावीकडून सुरू होतं म्हणजे ओळीतलं नावच सुटणार, रक्कम दिसणार पण कुणाची ते नाही. अण्णांना ते कळणार पण नाही आणि ते ठामपणे भावाला चूक म्हणतील. भांडणं होतील. म्हणून प्रत्येक पानाला डाव्या कडेला लाल जाड पट्टी ओढा आणि सवय लावा की प्रत्येक ओळ वाचायच्या आधी लाल रेघ शोधायची, बोट तिथे टेकवायचं, मग पुढे. सुरुवातीला नवीन उधारी नको, जुन्या वहीतली पानं घरी कोऱ्या कागदावर उतरवायला द्या आणि भावाने ताडून बघायची. गल्ल्यावर बसतील तेव्हा गिऱ्हाईक आधी त्यांच्या उजव्या हाताला येईल अशी खुर्ची ठेवा, जमायला लागलं की थोडी थोडी फिरवायची.

रब्बीत नको हे भावाचं बरोबर आहे, गर्दीत लक्ष अजून उजवीकडे ओढलं जातं. गर्दी ओसरली की दुपारच्या शांत वेळेत बसवा.

कृष्णाकाठ

जुनी वही काढून दिलीय आजच. पहिल्याच पानावर दोन नावं सुटली आणि एका ठिकाणी ४,२०० चे २०० झाले. भाऊ हसला, अण्णा चिडले, मग परत लाल रेघेवर बोट ठेवून लिहिलं तेव्हा ४,२०० बरोबर आले आणि म्हणाले, हा माणूस अजून देणं लागतो काय रे? वही खाली ठेवायला तयार नाहीत, जेवायला बोलावलं तरी. डिसेंबरच्या बोर्डाचं काय होतं ते इथेच लिहीन.